स्लाऊच्या बँडचा एका पानाचा इतिहास

स्केट पंक नावाच्या संगीताशी माझा संबंध यावा, असं माझ्या पत्रिकेत कुठेही नसणार. माझी मजल भावगीतापर्यंत. तीसुद्धा मी गुणगुणायला लागलो की बायको स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावते. तरीही लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या एका जुन्या स्केट पंक बँडचा छापील इतिहास मी लिहिलेला आहे. पाहुणे आले की हा किस्सा मी सांगतो, आणि पोरं हळूच वरच्या मजल्यावर जातात.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं झाली असतील. घर रीडिंगला, ऑफिस स्लाऊला. शेजारच्या डेस्कवर एक इंग्रज सहकारी बसायचा. चाळिशी ओलांडलेला, डाव्या पायाने किंचित लंगडणारा, अतिशय शांत माणूस. गुडघ्याला काय झालं विचारलं, तेव्हा कळलं की विशीत हा गृहस्थ स्केटबोर्डवरून मल्टिस्टोरी कार पार्कचा उतार उतरायचा आणि संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये ड्रम बडवायचा. तिघांचा बँड. एकही गाणं दीड मिनिटाच्या वर नाही, "कारण तेवढ्यात उतार संपायचा." असलं संगीत तेव्हा इथे फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. एक कॅसेट निघाली आणि दोन वर्षांत बँड मोडला.

आता कुणी एक हौशी माणूस त्या कॅसेटची सीडी काढत होता आणि आत छापायला त्याला एक पान इतिहास हवा होता. ड्रमरला लिहिणं जमेना. मी लगेच छाती पुढे काढली. आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचा मी सलग तीन वर्षं संपादक! दुसरं कुणी तयार नसतं, हे सांगायची गरज मला वाटली नाही.

"मग एक गोष्ट लिहायचीच," तो म्हणाला. त्याचं इंग्रजी मी आपल्या मराठीत सांगतोय. "बँड मी मोडला."

पहिल्याच दौऱ्यावर, उत्तरेकडच्या तीन गावांना निघायच्या सकाळी व्हॅन त्याच्या दारात आली. आदल्या दिवशी त्याला गोदामात कायमची नोकरी लागली होती. मित्रांना सांगायची हिंमत झाली नाही. त्याने आईला दारात पाठवलं, घरात नाही म्हणून सांग. स्वतः वर पडद्यामागे उभा राहून व्हॅन जाताना पाहिली. त्यानंतर बँडचा गायक त्याच्याशी कधीच बोलला नाही. वीस वर्षं! पण सीडीवाल्याला गायकाने एक अट घातली होती: छापण्याआधी पान मला दाखवा.

"माझा फोन तो ठेवून देतो. पत्र उघडत नाही," ड्रमर म्हणाला. "हे पान मात्र तो वाचणार आहे."

शनिवारी डायनिंग टेबलावर बसून मी एकटाकी मजकूर उतरवला. बायकोने वाचला.

"पडद्यामागचं कुठाय यात?"

"अगं, असं छापतात का? शोभा होते माणसाची."

"तोच म्हणाला ना तुला, छाप म्हणून?"

"माणूस भावनेच्या भरात बोलतो. संपादकाने सावरून घ्यायचं असतं."

"घे सावरून," ती म्हणाली. "तुझा हात बसलाय त्यात."

ते मात्र खरं. मंडळात नाटकाच्या तालमीवरून दोन घरांचं असं बिनसलं होतं, की वर्षभर एकमेकांकडे हळदीकुंकवाला गेली नाहीत. स्मरणिकेत मी लिहिलं, 'काही अपरिहार्य कारणास्तव नाटक सादर होऊ शकले नाही.' सगळ्यांनी वा वा केली होती.

सोमवारी ड्रमरने पान वाचलं.

"स्लाऊमध्ये तीन मित्रांनी लावलेल्या रोपट्याचा वटवृक्ष झाला," त्याने मोठ्याने वाचलं. "हा वृक्ष कुठला? आम्ही दोन वर्षांत संपलो."

"ती एक पद्धत आहे," मी म्हणालो.

तो खाली सरकला. शेवटच्या परिच्छेदातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "अपरिहार्य कारण? जिन्याला तेरा पायऱ्या होत्या. उतरलो नाही, एवढंच."

त्याच्याकडे असलेली एकमेव संधी मी सजवून, सावरून मोडीत काढली होती. आणि ट्रेनने घरी जाताना मंडळातली ती दोन घरं डोक्यातून जाईनात. माझ्या त्या गुळगुळीत वाक्याने त्यांच्यातल्या कुणाला कधी हलकं वाटलं असेल का?

दुसऱ्या दिवशी तो बोलला आणि मी टाइप केलं. 'मी वर होतो. मला व्हॅन दिसत होती. मी खाली आलो नाही. आईला खोटं बोलायला लावलं.' 'तेव्हा वय लहान होतं' हे मी हळूच घातलेलं त्याने काढायला लावलं.

नंतरचा आठवडा त्याने एकही जोक केला नाही. मग सीडीवाल्याकडून पान परत आलं. गायकाने काही खोडलं नव्हतं. आमच्या परिच्छेदाखाली फक्त पेनने एक ओळ वाढवली होती: 'व्हॅन कोपऱ्यावर लावून आम्ही दोन तास वाट पाहत होतो.'

ड्रमरने ती ओळ कितीदा वाचली कोण जाणे. "दोन तास? मला वाटलं, ते गेले."

"ही ओळ वर घेऊ का?" मला दुसरं काही सुचलंच नाही.

"आहे तिथेच राहू दे," तो म्हणाला आणि मोबाइल घेऊन कॉरिडॉरमध्ये गेला. या खेपेला पलीकडून फोन कुणी ठेवला नाही. काचेतून मला तो दिसत होता. लंच ब्रेक संपला तरी तिथेच उभा, बोलत कमी आणि ऐकत जास्त.