बहिणीने काढलेली वंशावळ

एका मंगळवारी सकाळी साडेनऊला अकोल्यात एका ट्रकने माझ्या धाकट्या बहिणीला धडक दिली. ती चालत कामाला निघाली होती. मी अमरावतीत लायब्ररीत कामावर होतो, तिथे फोन आला. मी बडनेऱ्याहून गाडी पकडली. पोचलो तेव्हा ती गेली होती.

पोलिसांनी तिची पर्स माझ्या हातात दिली. इअरफोन आतल्या कप्प्यात होते, वायर गुंडाळून, वर रबर लावून. हे मी मुद्दाम लिहितो आहे. कारण दुसऱ्या दिवसापासून घरी येणारा प्रत्येक जण एकच सांगत होता: कानात गाणी कोंबली होती, म्हणून ट्रक ऐकू आला नाही. मी ऐकून घेत राहिलो. चारचौघांत बोलणं मला कधी जमलं नाही. त्या गप्प बसण्याची अजून चीड येते.

गाणी म्हणजे एका परदेशी पॉप पंक बँडचा अल्बम. शनिवारी घरी आली की ती एक इअरफोन माझ्या कानात घालायची.

"काय डबे वाजवून राह्यले हे?" मी म्हणायचो.

"तू लायब्ररीवाला. जरासा आवाज झाला का शू करतं. पूर्ण आयक तं खरं, दादा."

शेवटच्या रविवारी परत जाताना तिने गाडीतून मला एका कागदाचा फोटो पाठवला. त्या बँडची वंशावळ, स्वतः काढलेली. खाली लिहिलं होतं, "तुले तळटीपा लागतात ना, घे." मी तो फोटो मोठा करूनही पाहिला नाही.

दहाव्याला कौंडण्यपूरला गेलो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, एकही शिवेना. मग रीतीप्रमाणे एकेक जण हात जोडून तिला शब्द देऊ लागला. आईला सांभाळू. काळजी करू नको. मामा पुढे झाले.

"पोरी, त्या गाण्यानं खाल्लं तुले. आता तरी सोड तो नाद."

"मामा, इअरफोन पर्समध्ये होते."

"मंग आता काहून बोलून राह्यला बापा? दहा दिवस कुठी होता?"

मी पिंडाकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, "तो अल्बम मी पूर्ण ऐकतो." मागे कोणीतरी हसलं. कावळा आला नाहीच. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

घरी आल्यावर ऐकला. पहिल्यांदा नुसती घाई आणि आदळआपट. चौथ्यांदा शब्द कळले. गाणारा आपल्या गावावर, बापावर, स्वतःवर चिडलेला होता, आणि चाल मात्र भांडी घासताना गुणगुणावी अशी. मग वंशावळ उघडली. सर्वांत खाली हा बँड. त्याच्या वर ज्यांचं ऐकून हे शिकले ते बँड, त्यांच्या वर गॅरेजमध्ये वाजवणारे, आणि अगदी टोकाला साठ वर्षांपूर्वीचे मुलींचे गट: टाळ्या, तीन आवाज, साधी प्रेमगाणी. बाजूला तिचं अक्षर: "गोडवा इथून आला. राग मधल्यांचा." मी खालून वर एकेक ऐकत गेलो. तिची एकही चूक सापडली नाही. हे ऐकायला ती नव्हती. याचाही राग आला.

ट्रकवाल्याला जामीन मिळाला. मामा अजूनही लग्नाकार्यात इअरफोनचीच गोष्ट सांगतात. मी तिथेच, पंगतीत, मोठ्याने पर्सचं सांगतो. नातेवाईक मला भांडखोर म्हणतात.

इअरफोन माझ्याकडे आहेत. अजून चालतात.