भगवानदासच्या चक्कीपासून डावीकडे

रामकृष्ण वझलवारांना पत्ता विचारायचा म्हणजे अर्धा तास मोडायचा, हे सराफ्यामागच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. अडतीस वर्षं ते जबलपुरात पोस्टमन होते. 'वामनराव फॅक्टरीवाले, विहिरीसमोर, जबलपूर' एवढंच लिहिलेलं एक पत्र त्यांनी जेवणाच्या आत वामनरावांच्या हातात ठेवलं होतं, आणि ही गोष्ट ते दर पाहुण्याला सांगत. गोष्ट खरी होती, त्यामुळे त्यांना थांबवायचं कुणाला जमत नसे. नव्या पोस्टमनला घरनंबर लागतो म्हणून त्यांना हसू येई. "नंबर तर कैद्यालाही असतो," म्हणत.

निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी ते आपल्या बीटवर जायचेच, फक्त झोळी नसायची. बीट आता काय उरली होती म्हणा. विहीर बुजवून तिथं मोटारी लावायची जागा झाली होती. वीतभर दुकानात मांडी घालून ठोकाठोक करणारे सोनार गेले आणि काचेचे शोरूम आले. चाळीसेक मराठी घरांतली तीन उरली. बाकीची मुलांमागे पुण्याला, नागपूरला निघून गेली आणि त्यांच्या दारांवर बिल्डरच्या पाट्या लागल्या. रामकृष्णराव मात्र जुन्याच नावांनी चालत. बँकेच्या एटीएमला ते लस्सीवाल्याचा कोपरा म्हणत. लस्सीवाला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

"काहून हो," विनताबाई विचारायच्या, "मेलेल्यांची डाक वाटून राहिले का?"

ते रागवायचे नाहीत. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांच्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकणारं माणूस हे एकच होतं. खरं सांगायचं तर आता बोलायलाही तेवढंच एक उरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी विनताबाईंच्या छातीत पहिल्यांदा दुखलं. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर तासाभरात इथं आणा, त्यानंतर माझ्या हातात काही नाही. मुलगा सुमेध पुण्याहून आला. त्यानं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात घराचा नवा पत्ता लिहिला, घरनंबर, वॉर्ड, मागच्या सातमजली टॉवरचं नाव, आणि फोनजवळच्या भिंतीवर चिकटवला. मोबाइलवरून लोकेशन कसं पाठवायचं तेही तीनदा शिकवलं.

रामकृष्णरावांना ते फार लागलं. सुमेधची गाडी सुटली आणि घरी येताच त्यांनी पुठ्ठा उचकटला.

"राहू द्या ना," विनताबाई म्हणाल्या. "भिंतीला काय जड झाला?"

"अख्ख्या गावाला पत्ते सांगितले मी. आता पोरगं मला माझाच पत्ता शिकवून राहिलं."

पुठ्ठा मांडणीच्या डुगडुगत्या पायाखाली गेला. विनताबाईंनी विषय वाढवला नाही. नवऱ्याचा मान राखायची त्यांना सवय होती, आणि सवय माणसाचा घात करते तेव्हा आधी सांगून करत नाही.

डिसेंबरात बाजारात मटार ओसंडून वाहत होता. सकाळी साडेदहाला विनताबाई परात घेऊन शेंगा सोलत बसल्या होत्या. मध्येच हात थांबला.

"अहो, तसंच होऊन राहिलं."

रामकृष्णरावांनी गोळी जिभेखाली दिली, त्यांना आडवं केलं, फोन लावला. पलीकडून एका खासगी अॅम्ब्युलन्सवाल्या तरुणानं विचारलं, "पता बताइए."

पत्ता त्यांनी एका दमात सांगितला. "बड़े फुहारे से सराफे में आइए. भगवानदास की चक्की से बाएँ. आगे टीनवाले स्कूल के सामने. किसी से भी पूछ लीजिए, पोस्टमैन का घर."

"लोकेशन भेज दीजिए, अंकल."

"ज़रूरत नहीं भैया. बच्चा-बच्चा जानता है."

दहा-बारा मिनिटांत सायरन ऐकू आला. जवळ आला, मागच्या बाजूला गेला, मग लांब. फोन वाजला.

"अंकल, चक्की कहाँ है?"

"अरे, कोने पर."

"कोने पर मोबाइल की दुकान है. यहाँ तो हर कोने पर मोबाइल की दुकान है. आसपास कोई बिल्डिंग, टावर, नाम बताइए."

टॉवर खिडकीतून दिसत होता. गेली आठ वर्षं त्याच्या सावलीत विनताबाईंचे पापड वाळत नव्हते म्हणून रामकृष्णराव त्याला रोज शिव्या देत. नाव काही केल्या आठवेना. त्याचं नाव त्यांनी कधी वाचलंच नव्हतं.

विनताबाईंना तसंच सोडून ते धावत कोपऱ्यावर गेले. दुकानातल्या मुलीला विचारलं, अॅम्ब्युलन्स दिसली का, 'पोस्टमैन का घर' विचारत होते का?

"पूछ तो रहे थे," ती म्हणाली. "पर कौन-से पोस्टमैन?"

गाडी तिसऱ्या गल्लीत शिरून अडकली होती, पुढे स्कूटर, मागे हातगाडी. मागे घेत घेत निघेपर्यंत आणखी वेळ गेला. मग शहात्तर वर्षांचे रामकृष्णराव गाडीच्या पुढे पळत राहिले, आणि ड्रायव्हर त्यांच्या मागे.

स्ट्रेचर एकट्यानं आत आणून त्या तरुणानं विनताबाईंना उचललं. त्यांनी डोळे उघडले.

"सापडलं का घर त्यांना?"

"हो," रामकृष्णराव म्हणाले.

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. अर्धा तास आधी आणायला हवं होतं, एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुमेध पुण्याहून पोचल्यावर अंत्यविधी झाले. संध्याकाळी उरलेल्या मराठी घरांतली माणसं येऊन बसली. उशीर का झाला, असं कुणीतरी विचारलं. "गाव बदललं," रामकृष्णराव म्हणाले. "गल्लीत गाडी शिरत नाही आता." सगळ्यांनी माना हलवल्या. मग ज्याला त्याला आपापली अडकलेली गाडी आठवली. पहिलं जबलपूर राहिलं नाही यावर एकमत झालं. रामकृष्णराव खाली बघत बसले. इतकी वर्षं हेच ते जीव तोडून सांगत होते आणि कुणी मनावर घेत नव्हतं. आज सगळ्यांना पटलं, तर त्यांना उठून कुठंतरी निघून जावंसं वाटलं.

माणसं गेल्यावर सुमेध लॅपटॉप घेऊन बसला. डोळे सुजलेले होते.

"त्या ड्रायव्हरची कंप्लेंट करून राहिलो, बाबा. चाळीस मिनिटं गल्ल्यांमध्ये फिरत होता म्हणे. असल्याला नोकरीवर ठेवलं नाही पाहिजे."

रामकृष्णरावांना तो तरुण आठवला. दवाखान्याच्या दारात पैसे न मागता उभा होता, आणि "माफ करना अंकल, मिला ही नहीं" म्हणाला होता.

"तुम्ही पत्ता तर बरोबर सांगितला होता ना?"

सांगायचं होतं. तोंडही उघडलं. पण सांगितल्यावर ह्या पोराच्या नजरेसमोर उरलेले दिवस काढायचे होते, आणि तेवढं बळ त्यांच्यात नव्हतं.

"बरोबर सांगितला होता," ते म्हणाले.

सुमेधनं तसं लिहिलं.