खालून बंद केलेली हवा

आमच्या घरात गॅस खालून बंद करायचं खातं नवऱ्याकडे. माझा शेवटचा फुलका तव्यावरून उतरायच्या आत ह्यांचा हात सिलिंडरवर. कडीकुलूप, स्कूटरची हवा, माझ्या हेल्मेटचा पट्टा, सगळं हेच ओढून बघणार. मी चिडते. पण खरं सांगते, हनुवटीखाली ते पट्टा ओढत असतात तेव्हा मी डोळे मिटून उभी राहते. फार बरं वाटतं.

निवृत्तीनंतर समुद्राखाली जाऊन मासे बघायचं खूळ माझं. ह्यांना पाण्याची धास्ती, पण मला एकटीला सोडवेना. म्हणून नाशकातल्या तरणतलावावर दोघांनी शिकवणी लावली. शिकवणारे सर देवळाली कॅम्पातले निवृत्त फौजी. त्यांचा दंडक असा, की आपलं सामान आपणच जोडायचं आणि मग एकमेकांचं तपासायचं.

हे कुठले ऐकायला! पहिल्यांदा खोल भागात उतरायचं होतं त्या दिवशी मी कपडे बदलून आले, तर माझं जॅकेट, सिलिंडर, नळ्या, सगळं जोडून तयार.

"मी बघितलंय सगळं. हवा फुल आहे. घाल."

"साहेब, मॅडमना स्वतः बघू द्या," सर म्हणाले.

ह्यांनी तोंड वाकडं केलं. मी शिकवल्याप्रमाणे नळी तोंडात धरली आणि हवा दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवून श्वास घेऊ लागले. काटा 'फुल'वर होता. एका श्वासाला तो खाली आला, दुसऱ्याला आणखी, आणि मग श्वास येईचना. मी नळी काढली.

सरांनी सिलिंडरची चावी फिरवून बघितली. हवा बंद होती. ह्यांनी ती उघडून काटा बघितला होता आणि सवयीने, घरच्या गॅससारखी, पुन्हा खालून बंद करून टाकली होती. काटा दाखवत होता ती फक्त नळीत अडकलेली हवा.

"वर कळलं ते बरं झालं," सर एवढंच बोलले.

हे पायरीवर बसले. चेहरा पांढराफटक. "मी तुला पाण्यात..." मला इतकं भरून आलं, की आधी रागावल्यासारखंच बोलले.

"अहो, आयुष्यभर गॅस बंद केलात म्हणून तर इथवर आलो. उठा आता."

मी माझी हवा उघडली आणि सगळं पहिल्यापासून तपासलं. शेजारी ह्यांनी स्वतःचं जोडलं. एक पट्टा दोनदा चुकला, पण मी मदत केली नाही. जॅकेट चढवून ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"माझं बघतेस?"

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी मागे हात घालून हवा उघडी असल्याची खात्री केली. त्यांना काट्याकडे बघत श्वास घ्यायला लावलं. काटा हलला नाही. मग छातीवरचा पट्टा ओढून बघितला.

त्यांनी डोळे मिटून घेतले होते.