गोधडीतून निघालेला पट

आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारी, गोधड्या शिवणारी खाला नसती, तर माझा सोंगट्यांचा पट आज कुणाच्या तरी पाठीखाली दबला असता. हे आधी सांगते. बाकीचं सांगताना मला राग येतो, आणि रागाच्या भरात उपकार सांगायचे राहून जातात.

चौथीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि मालवणाकडची मी नाशकात भांड्यांच्या दुकानदारांच्या घरी आले. माहेरचं म्हणून जवळ काय, तर आईनं शिवलेला कापडी पट, सोंगट्या आणि कवड्या. दुपारची जेवणं आटोपली की सासूबाई, थोरल्या जाऊबाई, शेजारच्या काकू आणि मी ओसरीवर पट मांडायचो. हरायला लागल्या की सासूबाई कवड्या उगाच जास्त वेळ मुठीत खुळखुळवायच्या. जाऊबाई हमखास जोडी मोडून एकटी सोंगटी पुढे काढायच्या आणि मारून घ्यायच्या. समोरचं माणूस कसं खेळणार हे कळायला वर्ष जातं, आणि ते कळल्यावरच खरा खेळ सुरू होतो.

मोठ्या दिरांना हे पटत नसे. माल आणायला मुंबईला गेले की येताना नवा खेळ. कॅरम आला, त्याच्या सोंगट्या हरवल्या. सापशिडी आली, ती उंदरांनी खाल्ली. मग इंग्रजी छापलेला एक पुठ्ठ्याचा डबा आला, त्याचे नियम घरात कुणालाच धड वाचता येईनात. चार दिवस कौतुक, की गेला माळ्यावर.

“ते मळकं फडकं टाका आता,” दीर म्हणाले. “लोक हसतात.”

“कुठले लोक?” सासूबाईंनी विचारलं.

“मुंबईचे.”

“ते कधी आले रे आपल्या ओसरीवर?”

थंडीच्या आधी जुनी लुगडी-धोतरं काढून गोधडीला द्यायची, ही घरची रीत. जाऊबाईंनी मला न विचारता माझी ट्रंक उघडली आणि पट त्या कापडांत घातला. मी घरभर शोधत होते. त्यांना विचारलं तर म्हणतात, “एवढं काय त्यात? नवा डबा आहे ना.”

खालाला आमच्याकडे ओट्याच्या आत घेत नसत. ओट्यावर बसून ती कापडं मोजून घ्यायची आणि उघड्या दारातून आमचा खेळ बघायची. टाके घालताना तिची सुई पटाच्या घरांवर अडखळली. तिनं सगळे थर उसवले आणि पट पदराखाली घालून माझ्याकडे आणला.

“बेटी, हा पांघरायचा नाय. खेळायचा हाय.”

गोधडी पातळ निघाली, तेव्हा जाऊबाई ओट्यावर येऊन तिच्यावर खेकसल्या, “आमचं कापड मारलंस ना?” खाला मला डोळ्यांनीच खुणावत होती, बोलू नकोस म्हणून. मला त्याच घरात नांदायचं होतं ना. तरी आत गेले, पट आणला आणि सगळ्यांदेखत उघडला.

“हे ते कापड. माझ्या आईच्या हातचं. चोरी झाली ती माझ्या ट्रंकेतून.”

“बाहेरच्या बाईसाठी घरच्या माणसांना चोर म्हणतेस?” दीर म्हणाले.

त्यानंतर आमच्या घरचं काम खालाला बंद झालं. शेजारच्यांनीही हात आखडला, कारण ‘कापड मारलंस’ एवढंच गल्लीनं ऐकलं. पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही. याचा राग अजून जात नाही. सासूबाई पुन्हा पटावर बसतात, पण माझा जीव त्यात लागत नाही. काकूंना मी सगळं सांगितलं. आता एकेका दाराशी जाऊन सांगते आहे. घरात कळलं तर काय होईल, ही धाकधूक आहेच.

माझी चूल वेगळी होईल तेव्हा घरातली प्रत्येक गोधडी खालाच्याच हातची असेल, आणि पटाला चौथा गडी म्हणून तिला मी आत, माझ्या शेजारी बसवीन. हे ऋण मी फेडणार आहे.