गोदामावशीनं स्वतः ठरवलं

गोदामावशी गेल्याचा निरोप घनसावंगीहून आला, तेव्हा आई अंगणात गहू पाखडत होती. सूप हातात धरूनच ती खाली बसली. पायाची जखम चिघळली होती... साखरेच्या दुखण्यात असंच होतं, असं येणारे-जाणारे म्हणत राहिले. मला मात्र आठवत राहिली ती काही वर्षांपूर्वी जालन्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेली मावशी.

आईची ही धाकटी बहीण तेव्हा चव्वेचाळिशीची होती. रोज आपल्या हातानं इन्सुलिन टोचून घ्यायची. आमच्याकडे पाळीत बायका बाजूला बसतात. मावशी ओळीनं तीन महिने बसली नाही, तेव्हा तिच्या सासूबाईंनी "सुटली गोदा!" म्हणून घरभर सांगितलं आणि सोवळ्यातला सगळा स्वयंपाक तिच्याकडे सोपवला. घरच्यांच्या लेखी तिचं मूल होण्याचं वय सरलं. चौथ्या महिन्यात ती पुन्हा बाजूला बसली आणि घाबरली. मागच्या खेपेला मूल पोटातच गेलं होतं, तीही जेमतेम वाचली होती. "निमे, डॉक्टरीण इंग्रजीत बोलती म्हणं," ती मला म्हणाली, "तू चल संगं."

मी हैद्राबादच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, लग्न न झालेली. असले शब्द मला कुठल्याच भाषेत उच्चारता येत नव्हते. मद्रासकडच्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या आणि मी खिडकीकडे बघत मराठीत सांगत होते. पाळी चुकली म्हणजे संपली असं नाही, वर्षभर आली नाही तरच तसं धरायचं. तोवर दिवस राहिले तर या दुखण्यात जिवावर बेतेल. मूल न होण्याचं ऑपरेशन होतं, पण साखर अशी चढती असताना जखम भरेल याची खात्री नाही. नाहीतर नवऱ्यानं वापरायची रबरी पिशवी...

मावशीनं दाराकडे पाहिलं. बाहेर काका उभे होते. "ह्यांनी? दर बाजारात छत्री इसरून येतात. ह्यांच्या भरवशावर जीव ठिवू?"

हे मी इंग्रजीत सांगितलं नाही. तरी डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी बाईनं स्वतः आत बसवायची रबरी टोपी दाखवली. मापानं घ्यायची, मलम लावायचं, नंतर धुऊन कोरडी करायची.

"वाळत कुठं घालू? तुळशीपाशी?" मावशी म्हणाली. मग हळूच, "इचार बरं, माझी मला लावता येती ना? दर खेपी कुनाला इचारायचं न्हाई ना?"

मी विचारलं. "येते. कुणाला विचारायचं नाही," मी म्हणाले.

"मंग हीच. रोज सुई टोचती मी, ह्याचं काय."

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "काय सांगून राह्यली ती?"

"तुमच्यावर काही सोपवलं न्हाई. निवांत ऱ्हावा," मावशी म्हणाली.

काका खाली बघत म्हणाले, "काय करायचं ते कर. पर तू ऱ्हायला पायजे."

दोनेक वर्षांनी पाळी खरोखरच थांबली. वर्ष सरल्यावर मावशी डॉक्टरीणबाईंना विचारायला गेली, तेही मला न नेता.

तेराव्यानंतर मी घनसावंगीला गेले. काकांनी कोनाड्यातून पत्र्याची एक गोल डबी काढली. टोपी याच डबीतून आली होती. गरज संपल्यावर मावशीनं डबी उकळून घासून घेतली आणि तिच्यात गुळाचे खडे ठेवायला सुरुवात केली. सुईनंतर कधी साखर एकदम उतरली, घाम फुटून अंधारी आली की एक खडा तोंडात. शेतात, लग्नात, मोटारीत, डबी कमरेलाच असायची.

काकांनी झाकण उघडलं. आत थोडा गूळ होता.

"मुंगी शिरत न्हाई हिच्यात, बिलकुल," ते म्हणाले. एक खडा माझ्या हातावर ठेवला, आणि झाकण पुन्हा घट्ट दाबून बसवलं...