दहा आकडी नंबर, अकरा अक्षरं

"नंबर बरोबर हाय दादा. तीनी नंबर मी धा वेळा वाचले," कल्पनाताई फोनवर सांगत होत्या. मागे बायकांचा मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज येत होता. मी अलिबागला माझ्या ऑफिसात नुकता जेवायला बसलो होतो. सवयीने म्हणालो, "ताई, एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल. परत बघा." आणि डबा उघडला.

कल्पनाताई चौलच्या पुढच्या एका कोळीवाड्यात मच्छीमार संस्थेचं ऑफिस सांभाळतात. हवामान बिघडणार असलं की संस्था सगळ्या होड्यांना मेसेज पाठवते. तो पाठवणारा प्रोग्राम मी लिहिला आहे. होडी, मालक आणि फोन नंबर अशी साधी यादी. एका ओळीत एक होडी. नंबर मात्र मालकाचा नसतो, त्याच्या बायकोचा असतो. मालक धक्क्यावर कामात असतो, फोन कुठल्या तरी पिशवीच्या तळाला. बायको मेसेज वाचते आणि नवऱ्याला थांबवतेसुद्धा. ही पद्धत ताईंनी बसवली, आणि माझ्या अख्ख्या प्रोग्रामपेक्षा तीच जास्त कामाची आहे.

त्या आठवड्यात यादीत चार नव्या होड्या आल्या होत्या. आदल्या दुपारी मेसेज गेला: संध्याकाळपासून वारा वाढणार, होड्या बाहेर काढू नका. नव्या चारपैकी एकीलाच तो मिळाला. उरलेल्या तीन खाडीपलीकडच्या धक्क्याला लागतात. तिथे सांगायला दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे भरतीबरोबर त्या निघाल्या. दोन वाटेतूनच परत फिरल्या. तिसरी, रंजनाच्या नवऱ्याची, सकाळी दुसऱ्याच बंदरात सापडली. माणसं सुखरूप होती. जाळी गेली होती.

तेवढ्यावर भागलंही असतं. पण मेसेज मिळालेली ती एक होडी ताईंच्या धाकट्या जावेची होती.

माझं जेवण होतंय तोच संस्थेच्या चेअरमनचा फोन आला. "पाच वाजता मीटिंग लावलीय. ताईंना उद्यापासून ऑफिसात बसवू नये, असं चाललंय. तुमी एकदा येऊन बघाल का?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हे आकड्याचं प्रकरण राहिलेलं नाही. बाइक काढली.

संस्थेच्या ऑफिसच्या दारात रंजना उभी होती. "घरच्यांना कलवलंस, आमाला न्हाय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. रात्रभर ती धक्क्यावर बसून होती. तिला दोष देणार कसा? ताई खुर्चीवर सरळ बसून होत्या आणि रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी कागदावरचे नंबर आणि स्क्रीनवरचे नंबर ताडून पाहिले. सगळे जुळत होते. मेसेज पाठवणाऱ्या सर्व्हरची नोंद मात्र तिन्ही नंबरांपुढे म्हणत होती, 'नंबर चुकीचा'. मग मी प्रत्येक नंबरात किती अक्षरं आहेत ते कॉम्प्युटरकडूनच मोजून घेतलं. जुन्या होड्यांची दहा, दहा, दहा. रंजना आणि तिच्यासारख्या दोघींची अकरा. जावेची पुन्हा दहा.

"ताई, या ओळी इथेच टाइप केल्यात?"

"न्हाय, घरी, मुलीच्या लॅपटॉपवर. मंग इथं आणून पेस्ट केल्या."

"आणि जावेची ओळ शेवटी का?"

"आपलं मानूस शेवटी घालायचं. वाटप असू दे, न्हायतर यादी. आमच्यात तशीच रीत हाय."

इथे थोडं समजावून सांगतो. आपण एंटर दाबतो तेव्हा फाइलमध्ये ओळ संपल्याची खूण पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. लिनक्स नावाच्या प्रणालीवर ही खूण एका अक्षराची असते, तिला एलएफ म्हणतात. विंडोजवर ती दोन अक्षरांची, सीआरएलएफ. माझा सर्व्हर लिनक्सवाला. घरच्या विंडोज लॅपटॉपवरून आलेल्या ओळींतलं एक अक्षर तो ओळीची खूण म्हणून काढून घ्यायचा, आणि उरलेलं नंबराच्या शेपटीला चिकटून राहायचं. जावेची ओळ शेवटची. तिच्यानंतर ताईंनी घरी एंटर दाबलंच नव्हतं. ते दाबलं इथे, माझ्या एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्रामात यादी भरायच्या जागी. म्हणून ती ओळ बचावली. म्हणजे आपल्या माणसाला मागे ठेवण्याच्या त्यांच्या चांगुलपणानेच त्यांना चोर ठरवलं होतं.

आता माझी करामत ऐका. एडिटरच्या तळाला कोपऱ्यात मी बारीक अक्षरांत फाइलचा प्रकार दाखवला होता. तिथे लिहिलेलं होतं: एलएफ. धडधडीत खोटं. कारण माझा एडिटर फक्त पहिली ओळ बघायचा आणि सगळ्या फाइलचा निकाल देऊन मोकळा व्हायचा. आणि खरं लिहिलं असतं, तरी 'सीआरएलएफ' वाचून ताईंना काय कळणार होतं? ती अक्षरं मी माझ्यासारख्यांसाठी लिहिली होती, आणि माझ्यासारखं त्या खुर्चीवर कोणीच बसत नाही.

मीटिंगआधी दीड तास होता. कोपऱ्यातली ती अक्षरं काढून टाकली. सगळं ठीक असेल तर एडिटर आता काही बोलत नाही. रोज दिसणाऱ्या सूचनेकडे कोणी बघत नाही. ओळी मिश्र असतील, तरच वर मराठीत पट्टी येते: 'तीन ओळी बाहेरून आल्या आहेत, सारख्या करू का?' आणि त्याच ओळींच्या टोकाला लाल खूण. ताईंनी 'हो' दाबलं. तिन्ही खुणा गेल्या.

मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. "ताईंनी नंबर बरोबर लिहिले होते. चूक माझ्या प्रोग्रामची आहे, म्हणजे माझी."

"हे तुमी ताईंना वाचवायला सांगताव," मागून एकजण म्हणाला.

मी वाद घातला नाही. त्या तीन नंबरांवर चाचणीचा मेसेज पाठवला. खोलीत तीन ठिकाणी फोन वाजले. रंजनाने आपला उघडून वाचला, पुन्हा वाचला. मग उठली आणि ताईंच्या शेजारी जाऊन बसली. चेअरमननी पुढचा विषय घेतला.

ताई मला बाइकपर्यंत सोडायला आल्या. मला वाटलं, आभार मानतील. त्या म्हणाल्या, "दादा, पयल्या फोनला तुमी मला इचारलंत, आकडा चुकला काय. मशीनला इचारायला मीटिंग लावायला लागली."

 हल्ली तक्रारीचा फोन आला की मी आधी माझा प्रोग्राम तपासतो. दहातल्या सात वेळा माणसाला काही विचारायची वेळच येत नाही.