दिल्लीचा सूर्यास्त, अंदमानची घळ

बाबांची निवृत्तीआधीची शेवटची एलटीसी, म्हणजे सरकारी खर्चाने सहल. त्यांच्या ऑफिसातले झाडून सगळे अंदमानला जाऊन आलेले, म्हणून आम्हीही तिथेच. पण त्यांना बीच नको होता. एका छोट्या बेटावर ओढ्याच्या घळीतून दोन तास चाललं की लपलेलं नैसर्गिक बंदर लागतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "तेवढं एक बघायचंय," म्हणाले. दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या घरापासून विमानतळ वीस मिनिटांवर. आम्ही चार तास आधी पोहोचलो.

जाणार असाल तर बोटीची तिकिटं आधी काढा, जुने बूट न्या (वाट पाण्यातूनच जाते) आणि गाइड घ्या. मगरी आहेत. आमची गाइड सुनीतादीदी म्हणाली, "बारा बजे निकलेंगे. यहाँ अँधेरा जल्दी होता है." बाबांना जेवून वामकुक्षी हवी होती. मी फोन दाखवला: सूर्यास्त साडेसहा. "आपकी मर्ज़ी," ती म्हणाली.

दीडला निघालो. बाबा दर खडकापाशी थांबून सोसायटीच्या ग्रुपसाठी फोटो काढत होते. सव्वातीनला पुरुषभर उंचीचा कातळ आडवा आला, त्यावर दोर. बाबांसारख्या गुडघेदुखीवाल्यांसाठी वळशाची सोपी वाट होती, पण ती पाऊण तासाची. घळीत एव्हाना उजेड मंदावला होता. मी फोन पुन्हा पाहिला. वर शहराचं नाव द्वारका होतं. इथला सूर्यास्त साडेपाचचा.

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"नकाशाच्या कंपनीत पगार कशाचा घेतेस?" बाबा दगडावर बसले. सुनीतादीदीने वीस मिनिटं दिली, एकाच माणसाला. "जा तू. नीट बघून ये," बाबा म्हणाले.

शेवटच्या वळणावर वारा थांबला. काळपट हिरवं, गोल पाणी. खडकांमधलं तोंड इतकं अरुंद, की बाहेरचा समुद्र दिसतच नाही. लाट नाही. चार मिनिटं उभी राहिले आणि परतले.

"खोली किती असेल?" परतीच्या वाटेवर बाबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"मी अंदाज सांगत नाही, बाबा."

"दुपारी सांगितलास की."

बाबा पुढे चालू लागले.

घरी परतल्यावर रविवारी शेजारचे कुलकर्णी काका चहाला आले. बाबा सांगत होते, "शेवटच्या वळणावर वारा एकदम थांबतो. मग आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो, चांगली दहा मिनिटं."

काका माझ्याकडे वळले. "गार होतं का गं पाणी?"

मी कोरड्या खडकावरून खाली उतरलेही नव्हते.

"बरंच," मी म्हणाले.